तेहतीस अनारसे आणि एक पट्टा

भोर
५ मे १९८०

चि. रघुवीररावांना अनेक आशीर्वाद.

शैलजाने पाठवलेला तुम्हा तिघांचा फोटो परवा मिळाला. रागिणी उंच झाली. तुम्ही अंगाने छान भरलात. शर्टाची मधली दोन बटणं ओढल्यासारखी दिसतात, ते बघून फार बरं वाटलं. आमचे हेही पंचेचाळिशीला अगदी असेच दिसत. लेकीच्या घरी खाऊनपिऊन सुख आहे हे आईला फोटोतच कळतं, पत्रात तुम्ही काय वाटेल ते लिहाल.

पंधरा तारखेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय. गेल्या अधिकात तुम्ही नागपूरला होतात, तेव्हा मी स्वतः वाण घेऊन आले होते. आता तुमच्या सरकारने तुम्हाला पार चंदीगडला नेऊन टाकलं. माझ्या गुडघ्यांना तेवढी गाडी झेपायची नाही, म्हणून तेहतीस अनारसे पार्सलने येतील. तांदूळ भिजत घातलेत. विकतच्या पिठाचे करून पाठवणारी सासू मी नव्हे.

नियम तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगते. वाण परत करायचं नाही, दुसऱ्याला वाटायचं नाही. जावयाने स्वतः खायचं.

तुमची,
आई


चंदीगड, सेक्टर २२
१२ मे १९८०

ती. आईंना शिरसाष्टांग नमस्कार.

फोटोतल्या बटणांवर तुमची नजर गेलीच. इथे त्याच बटणांवरून घरात महाभारत चाललंय.

झालं असं की, मार्चमध्ये ऑफिसात आमची तपासणी झाली. माझ्या लघवीत थोडी साखर निघाली आणि ब्लडप्रेशर जरा वर. आमच्याच सेक्टरमध्ये डॉ. सोढी म्हणून एक सरदारजी आहेत, त्यांनी टेप काढून बेंबीवरून माझं माप घेतलं. बेचाळीस इंच. मग म्हणाले, "मराठी साब, ये पेट नहीं है, गोदाम है." सहा महिन्यांत चार इंच उतरवायचे, नाहीतर गोळ्या जन्माच्या चिकटतील आणि पुढचं ते सांगणार नाहीत. तूप, लस्सी, भटुरे बंद. पहाटे सुखना तळ्याच्या बांधावर चालायचं, स्कूटर सोडून ऑफिसला सायकलने जायचं, रात्रीचं जेवण साडेसातच्या आत. काळजीचं काही नाही. पण दोन महिने झाले, हातपाय वाळले, गालफडं बसली, पोट मात्र जागचं हललेलं नाही. ऑफिसातले भल्लाजी म्हणतात, ते पोट सरकारी आहे, बदलीची ऑर्डर आल्याशिवाय जाणार नाही.

हे तुम्हाला कळवायचं नाही अशी शैलजाने मला शपथ घातली होती. तरी लिहितोय, कारण एक विनंती आहे. तेहतीसऐवजी तीन पाठवलेत तर चालतील का? उरलेले तीस मनाने पाठवा, मीही मनाने खाईन.

आपला,
रघुवीर


भोर
२१ मे १९८०

चि. रघुवीररावांना आशीर्वाद.

तीस अनारसे मनाने पाठवा म्हणता, मग जेवणही मनानेच जेवत चला. शैलजाचं काम वाचेल.

राग आला म्हणून लिहितेय, तेव्हा जास्त लिहीत नाही. पार्सल काल पोस्टात दिलं. पत्र्याचा डबा आहे, वरून मांजरपाट शिवलंय, उघडताना शिवण कापा, कापड फाडू नका. तेहतीसच्या तेहतीस आहेत, घरच्या तुपात तळलेले, खसखस लावलेले. जाळी अशी पडलीय की पलीकडचा उजेड दिसावा. अधिकाचं वाण जाळीचंच लागतं. तीन पाठवले असते तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं, आणि देवाने काय केलं असतं ते मला माहीत नाही.

डॉक्टर काय, सगळ्यांना हेच सांगतात. ह्यांच्या वेळीही भोरच्या डॉक्टरांनी… ते जाऊ दे. तुम्ही खा आणि पोचल्याचं कळवा.

आई


चंदीगड
३० जून १९८०

ती. आईंना नमस्कार.

पार्सल अठ्ठावीस मेला पोचलं. एकही अनारसा मोडला नव्हता. महिना संपायला सोळा दिवस होते. रोज दोन, आणि अमावास्येला तीन, असे तेहतीसच्या तेहतीस मी खाल्ले. खोटं कशाला सांगू, चवीने खाल्ले. पहिला खाताना मला नागपूरचं आपलं घर आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

रोज ते दोन अनारसे माझ्या पानात शैलजा वाढत होती. जी बाई चहातली साखर लपवून ठेवते, पोळीला तुपाचं बोट लावू देत नाही, ती गुपचूप दोन अनारसे वाढायची आणि तोंड फिरवून ओट्याकडे जायची. एकदाही नको म्हणाली नाही. तुमचं वाण होतं ना. मीही नको म्हणालो नाही. आम्ही दोघं शहाणी माणसं सोळा दिवस एकमेकांसमोर बसून हे करत होतो.

पंधरा जूनला डॉक्टरांकडे गेलो. साडेबेचाळीस. साखर वाढलेली. डॉक्टरांनी या खेपेला विनोद केला नाही. शैलजाला आत बोलावून घेतलं आणि म्हणाले, "भाभीजी, दिल का मामला है."

घरी येताना ती पायऱ्यांवरच बसली. म्हणाली, दादाही असेच होते. तेवढंच. तुम्हाला माहीत आहे, वडील गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी होती. आई, मला मरणाची फारशी भीती वाटत नाही. पण मी जिना चढताना ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते, त्या नजरेची फार वाटते. रागिणी तेरा वर्षांची आहे. तिने पायऱ्यांवर बसलेली आई पाहिली आणि विचारलं, "मम्मा, क्या हुआ?"

तुम्हाला दोष देत नाही. दोष माझा आहे. मी लिहिलं तेही थट्टेत लिहिलं. आता सरळ लिहितोय: मी आजारी आहे आणि मला मदत हवी आहे.

रघुवीर


भोर
९ ऑगस्ट १९८०

चि. रघुवीरराव,

सहा आठवडे पत्र लिहिलं नाही. चार वेळा लिहायला बसले आणि फाडून टाकलं. आज लिहून लगेच पोस्टात टाकणार आहे, परत वाचणार नाही.

हे जाण्याच्या आदल्या वर्षी भोरच्या डॉक्टरांनी मला मागच्या पडवीत बोलावून सांगितलं होतं: "वहिनी, त्यांचं तूप बंद करा, भात अर्ध्यावर आणा आणि रोज दोन मैल चालवा. त्यांना सांगून उपयोग नाही, पान तुम्ही वाढता." जंगलात फिरतीवर होते तोवर ह्यांचं पोट पाठीला टेकलेलं असे. कचेरीत खुर्ची मिळाली आणि पोट सुटलं. डॉक्टर बरोबर बोलत होते. पण मी कुणालाच सांगितलं नाही. सासूबाई होत्या. नवऱ्याच्या तोंडचा घास काढते म्हणाल्या असत्या. आणि खरं सांगू? मला आवडायचं. ते जेवताना डोळे मिटून "वा" म्हणायचे, त्या एका "वा"साठी मी दिवसभर चुलीपुढे बसत असे. दुसरं कुठे कोण मला काय म्हणत होतं?

ज्या दिवशी गेले, त्या दिवशी बासुंदी होती. दुसरी वाटी त्यांनी मागितली नव्हती. मी वाढली.

तेवीस वर्षं हे पोटात ठेवलंय. शैलजाला माहीत नाही. तिला सांगू नका, एवढी माझी विनंती आहे. तिला आई म्हणून मी उरले आहे, तेवढी तरी राहू द्या.

आता वाणाचं. अधिक संपला, पण माझं वाण चुकलं, म्हणून दुसरं पाठवतेय. सोबतच्या पुडक्यात ह्यांचा पट्टा आहे, जंगल खात्याचा. अडतीस साली मिळालेला. कातडं आहे, एरंडेल लावून मऊ केलंय. त्याला कारखान्याची पाच भोकं आहेत. बाहेरच्या बाजूची चार मागाहून पाडलेली आहेत. ती चारही मी पाडून घेतली. हे स्वतः जात नसत, मीच पट्टा पिशवीत घालून चौकात चपला शिवणाऱ्याकडे न्यायची आणि कौतुकाने सांगायची, साहेबांची तब्येत सुधारली, जरा पुढे पाडा.

जाळीचं वाण द्यायचं असतं, हे भोकांचं आहे. गेलेल्या माणसाची वस्तू वाणात देऊ नये, कातडं तर मुळीच देऊ नये. भटजींना विचारलेलं नाही, विचारणारही नाही. हे खायचं नाही, घालायचं. बाहेरून आत यायचं. मी पाडलेली चार भोकं तुम्ही मागे टाका.

पानात वाढल्यावर सोडू नका, वाढू देण्याआधीच हात आडवा करा. माझ्या हातालासुद्धा.

आई


चंदीगड
२४ ऑगस्ट १९८०

ती. आई,

पट्टा मिळाला. तुमचं पत्र एकट्याने वाचलं आणि माझ्या ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. त्याबद्दल आज एवढंच लिहितो, तुम्ही मला लिहिलंत म्हणून तुमच्यावरची माया कमी झालेली नाही, वाढली आहे.

पट्टा घालून पाहिला. शेवटच्या भोकात बरोबर बसला. सैल नाही, घट्ट नाही. दादांना मी कधी पाहिलं नाही, पण आरशापुढे उभा राहिलो आणि अंगावर काटा आला. डॉक्टरांच्या टेपने जे झालं नव्हतं ते त्या एका भोकाने झालं.

शैलजाने पट्टा ओळखला. हातात घेतला, बाहेरच्या भोकांवरून बोट फिरवलं आणि परत दिला. मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मृत माणसाची वस्तू अंगावर घातली म्हणून रागावली असावी. मी विचारलं नाही.

आता रोजचं ऐका. पाच वाजता उठतो. सुखनाच्या बांधावर दोन फेऱ्या, मग बारा सूर्यनमस्कार. पहिल्या दिवशी पाचव्यालाच जमिनीवर पालथा पडलो आणि रागिणी म्हणाली, "पापा, छठा भी ऐसे ही गिन लूँ?" ज्वारी इथे मिळत नाही, पण मनीमाजऱ्याच्या बाजारात बाजरी मिळते. रविवारी सायकलने जाऊन आणतो. दुपारी एक भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ आणि ताक. भल्लाजी डबा उघडून माझ्यापुढे पराठा धरतात, तेव्हा मी हात आडवा करतो. ते म्हणतात, "यार, तुझे किसकी नज़र लग गई?" मी सांगतो, सासूची.

रघुवीर


चंदीगड
२ नोव्हेंबर १९८०

ती. आई,

गणपतीपर्यंत एक भोक आत आलो, विसर्जनापर्यंत दुसरं. महाराष्ट्र मंडळात मोदकांच्या ताटापुढून एक मोदक घेऊन उठलो, लोकांना वाटलं माझं कुणाशी भांडण झालंय.

आणि आता सहा आठवडे पोट चाळीसवर अडून बसलंय. रागिणी दर रविवारी टेप लावते, "फोर्टी" म्हणते आणि वहीत लिहिते. काल मी चिडून तिच्या हातातला टेप फेकला. मग तिची माफी मागितली. वजन उतरलं, साखर उतरली, डॉक्टर खूश आहेत. ते म्हणतात, पोट सगळ्यात आधी येतं आणि सगळ्यात शेवटी जातं, झोप पुरी घ्या आणि पाय उचलून चाला. पण मला खोटं वाटायला लागलंय. काल ऑफिसातून येताना आमच्या सेक्टर बाविसाच्या मार्केटात उभा राहून दोन जिलब्या खाल्ल्या. शैलजाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय.

रघुवीर


भोर
१३ नोव्हेंबर १९८०

चि. रघुवीरराव,

दोन जिलब्यांनी कुणी मरत नाही. त्या लपवल्याने मरतं. आज घरी गेल्यावर शैलजाला सांगा.

पोर टेप लावते तिच्यावर चिडू नका. तिला वाटतं की ती तुम्हाला वाचवतेय, आणि तिचं चूक नाही.

तुम्ही अडलात म्हणता, मग माझंही ऐका. सप्टेंबरपासून मीही चालते. तुम्ही तिकडे तळ्यावर, मी इकडे नीरेच्या पुलापर्यंत. पहिल्यांदा पुलाच्या निम्म्यात गुडघ्यांनी रडायला लावलं, कठड्यावर बसून राहिले. शेजारची सुमन म्हणाली, काकू, ह्या वयात कुणासाठी? मी म्हटलं, जावयासाठी. ती घरापर्यंत हसत गेली. आता मी पूल ओलांडते. पलीकडे जाऊन काही मिळत नाही, नुसती परत येते. तुम्हीही रविवारी टेप लावू नका, महिन्याने लावा. रोज उठून चालायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

आई


चंदीगड
१८ जानेवारी १९८१

ती. आई,

तिळगूळ घ्या. मी दोन खाल्ले, सांगून खाल्ले.

जिलब्यांचं त्याच दिवशी शैलजाला सांगितलं होतं. ती आधी रडली आणि मग हसली. त्या दिवसापासून घरात मोकळं वाटतं. पोटही पुन्हा उतरायला लागलं. लोहडीच्या रेवड्या आणि गजक घेऊन शेजारीपाजारी आले, थंडी अशी की तूप मागावंसं वाटतं, तरी आज साडेअडतीस आहे. तुम्ही पाडलेल्या चार भोकांपैकी एकच उरलं.

पण आई, एक मागणं आहे. तुमचं ऑगस्टमधलं पत्र अजून कुलपात आहे. मी बायकोशी जिलब्यांबद्दल खरं बोलतो आणि तिच्या वडिलांबद्दल गप्प बसतो, हे मला जमेनासं झालंय. ती पट्टा रोज खुंटीवरून काढून माझ्या हातात देते आणि काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखी उभी राहते. तुम्ही नाही म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही. पण ते पत्र तिला देऊ का?

रघुवीर


भोर
१४ फेब्रुवारी १९८१

चि. रघुवीरराव,
द्या.
आई


चंदीगड
१ मार्च १९८१

प्रिय आई,

तुझं कार्ड आलं त्याच संध्याकाळी ह्यांनी मला ते पत्र दिलं. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला आणि रागिणी शाळेत गेल्यावर मी गच्चीत उन्हात बसून वाचलं. तीन वेळा वाचलं. आठ दिवस तुला लिहिण्याचा धीर गोळा करत होते. तू लिहिलेलं पत्र फाडून टाकायचीस, मी डोक्यातल्या डोक्यात फाडत होते.

आई, डॉक्टरांनी दादांनाही सांगितलं होतं.

तुझ्याशी पडवीत बोलले, त्याच आठवड्यात ते कचेरीत जाऊन दादांशी बोलले. तुला आठवतं, दादा एकदा अचानक मला घेऊन संध्याकाळचे फिरायला निघाले होते आणि तू विचारलं होतंस, आज हे काय सुचलं? आम्ही नीरेच्या पुलापर्यंत गेलो होतो. त्याच पुलापर्यंत. तिथे कठड्यापाशी दादांना धाप लागली. मग त्यांनी मला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "शैलू, आईला सांगायचं नाही. तिला वाटेल तिच्या हातचं मला बाधलं. मग तिच्या जेवणात जीव राहायचा नाही." चार दिवस आम्ही चाललो. पाचव्या दिवशी कचेरीतून यायला उशीर झाला, आणि मग ते राहूनच गेलं.

तू बासुंदीची दुसरी वाटी वाढलीस तेव्हा दादांनी माझ्याकडे बघितलं होतं. नको म्हण, असं मला ओरडावंसं वाटलं. तू इतकी खुशीत होतीस. मी तांब्या घेऊन उभी राहिले आणि गप्प बसले.

म्हणजे तुला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. एका घरात तिघं, आणि तिघांनी एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून तोंड उघडलं नाही. ह्यांना मी शपथ घातली ना, आईला कळवायचं नाही म्हणून? ते मी दादांचंच बोलणं बोलत होते. आणि तुझे अनारसे ह्यांच्या पानात वाढताना मी तूच झाले होते. पट्टा आला तेव्हा दोन दिवस बोलले नाही, रागावले होते म्हणून नव्हे. तोंड उघडलं असतं तर हे सगळं बाहेर आलं असतं.

तू मला आई म्हणून उरली आहेस, तेवढीच्या तेवढी आहेस. तुला एकटीला पुलापर्यंत चालत जाताना डोळ्यांसमोर आणते आणि रडू येतं. मे महिन्यात आम्ही तिघं येतोय. आपण चौघं तो पूल ओलांडू.

आज सकाळची गोष्ट सांगायची राहिली. ह्यांनी पट्टा घातला आणि मला हाक मारली. कारखान्याच्या भोकात बसला. तुझी चारही भोकं बाहेर राहिली. दुपारी चपला शिवायला गेलो, तेव्हा बाविसाच्या मार्केटातला मोची पट्टा बघून म्हणाला, लटकणारा तुकडा कापून टाकू का? हे म्हणाले, नाही, तो राहू दे.

पुढचा अधिक दीड वर्षाने आहे. तेव्हा तू अनारसे कर, मला ते हवेत. ह्यांना एक, रागिणीला एक, तुला एक, मला एक. आणि सवयीने तू ह्यांच्या पानात दुसरा वाढायला घेतलास, तर मी तुझा हात धरून म्हणेन, आई, पुरे. सतरा वर्षांची असताना जमलं नाही, आता चाळिशीत जमेल.

तुझी,
शैलू